कितवी खेप?

कुणाच्या दाराला कुलूप दिसलं की माझे पाय अजूनही थांबतात. बायको चिडते. लग्नाला निघालोय, उशीर झालाय आणि हा माणूस दुसऱ्याच्या कुलपाकडं टक लावून उभा, लोक काय म्हणतील, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे तिचं. पण ही खोड माझी नव्हे, शमीम मॅडमनी लावलेली. त्यांच्या हाताखाली ज्यांनी ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांना ती लागली, आणि आता जे जिथं पांगलेत तिथं ते परक्यांची कुलपं बघत उभे राहत असणार.

मॅडमचे वडील जुन्नरच्या पेठेत पितळी कुलपं घडवायचे. मॅडम कानशीच्या आवाजात वाढल्या. पुढं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, मग ते सोडून नारायणगावात सर्वेक्षणाची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय, तर खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुकान आणि खोल्या दोन्ही एका जैन शेठचे. शेतीच्या औषधांचा वास जिन्यातून थेट आमच्या टेबलापर्यंत यायचा. एखादा शेतकरी चुकून जिना चढून आला आणि "हितं काय मिळतं?" म्हणाला, की मॅडम चष्मा वर करून म्हणायच्या, "इथं काही मिळत नाही. बसा. घरात किती माणसं?" आणि तो बिचारा खरंच बसून सांगायचा.

उंच, हाडकुळी बाई. सुती साडी, आणि साडीखाली शाळेतली पोरं पीटीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्यावरच्या पिशवीत भाजके शेंगदाणे. इतकी वर्षं बरोबर फिरलो, पण त्यातला एक दाणा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मागितला तर म्हणायच्या, "तुम्ही घरून डबा आणता की नाही?" रागवायच्या तर असं, की जिन्याखालचं गिऱ्हाईक दबकून वर बघायचं. माफी मागणं ठाऊकच नव्हतं. चूक त्यांची असली तर दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांची पंख्याखालची खुर्ची आपल्याला द्यायच्या आणि स्वतः खिडकीशी उन्हात बसायच्या. आपण समजून घ्यायचं.

आमचं काम सांगायला सोपं. कुणाला अंगणवाडी काढायची असते, कुणाला पाण्याची टाकी बांधायची असते, कुणाला दवाखाना. ते कुठं काढायचं हे ठरवायला लोकांची हालहवाल लागते. ती आम्ही घरोघर जाऊन विचारून आणायची. यात सगळ्यात जास्त डोक्याला ताप म्हणजे बंद घर. दाराला कुलूप दिसलं की नवा माणूस खुशीत 'घर बंद' लिहितो आणि पुढं सरकतो. मॅडमपुढं ही चैन चालत नव्हती. त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "कितवी खेप?" पहिली म्हटलं की झालं. "अजून दोनदा जायचं. आणि वेळ बदलून जायचं. दुपारी गेला होतात ना, आता सकाळी जा. दुपारी कुणी घरी नसतं."

आणि कुलूप वाचायचं. गंजलंय का, किल्लीच्या भोकावर कोळ्यानं घर केलंय का, उंबऱ्यासमोरची जागा झाडलेली आहे का. "कुलूप खोटं बोलत नाही, दत्ताराव," असं मला म्हणायच्या. मी डिंगोऱ्याचा साधा माणूस, मला राव कुणी म्हणत नव्हतं. त्या म्हणायच्या, अर्थात टिंगलीनं. आणि कुलूप असलं तरी दार वाजवायचंच, हा शेवटचा नियम. तेही कडी वाजवायची नाही. "कडीचा आवाज बाहेर जातो. फळी वाजवा, म्हणजे आत जाईल."

"कुलूप बाहेरून असताना आत कोण असणार, मॅडम?" मी एकदा विचारलं.

"ते वाजवल्यावर कळेल."

आमच्यात गणपत नावाचा एक होता. लई हुशार, पण चहाच्या टपरीवर बसला की उठायचा नाही. माझ्याच गावात त्यानं एक घर बंद म्हणून लिहिलं. मॅडमनी सहज विचारावं तसं विचारलं, "कुलूप कसलं होतं?" गणपत म्हणाला, "पितळी, मॅडम. जुनं दिसत व्हतं." मॅडमनी पिशवी खांद्याला लावली, आणि आम्हा दोघांना घेऊन एसटीनं डिंगोऱ्याला. त्या घराला कुलूपच नव्हतं. कडीत बाभळीची काटकी खोचली होती आणि आतून रेडिओ ऐकू येत होता. गणपतचं तोंड बघण्यासारखं झालं. मॅडमनी त्याला काढलं नाही. म्हणाल्या, "पितळेचं कुलूप सांगितलंस म्हणून बरं वाटलं. आजकाल कुणाला पितळ आठवत नाही." तो दिवस आम्ही महिनोन्महिने एकमेकांना ऐकवून हसलो.

हसण्याचे दिवस तिथंच संपले असं आता वाटतं.

तीन-तीन खेपा म्हणजे वेळ जाणार. आमचे रिपोर्ट उशिरा जायचे. पुण्यातल्या मोठ्या कंपन्या टॅब घेऊन यायच्या आणि आमच्या निम्म्या वेळात काम उरकायच्या. हळूहळू कामं तिकडं जायला लागली. अशात पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आमचा जिना चढून आला. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर होतं त्यांचं. म्हणाला, "ग्रामीण भागात आम्हाला एक भागीदार हवाय. सॉफ्टवेअर, टॅब, ट्रेनिंग सगळं आमचं. तुम्ही तुमची सगळी कामं त्याच्यावर करायची आणि तुमचा अनुभव जगाला सांगायचा." अनिरुद्ध त्याचं नाव. पोरगेला, गोड बोलणारा, आणि खरं सांगतो, वाईट माणूस नव्हता. तसा असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मला वाटलं मॅडम त्याला हाकलतील. तर मॅडम पोरीसारख्या हरखल्या. त्यानं आमचीच जुनी माहिती मशीनमध्ये टाकून दाखवली. जे जुळवायला आमच्या नाकी नऊ यायचे, ते बघता बघता समोर उभं राहिलं. मॅडम खुर्ची ओढून इतक्या जवळ बसल्या की अनिरुद्धला सरकावं लागलं. आणि त्या दिवशी त्यांनी पिशवीत हात घालून त्याला मूठभर शेंगदाणे दिले. मी आणि गणपत एकमेकांकडं बघत राहिलो.

करार झाला तेव्हा शेठनी खाली दुकानात पेढे वाटले. सॉफ्टवेअरवाल्यांनी मॅडमना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. मॅडम फोटोत हसल्याचं मी तेवढंच पाहिलंय. जिना चढताना मला म्हणाल्या, "दत्ताराव, आता कुणी म्हणणार नाही की शमीमचा रिपोर्ट उशिरा येतो." त्यांना ते किती लागत होतं, हे मला त्या वेळी कळलं.

पहिलं मोठं काम आलं ते दवाखान्याच्या गाडीचं. एका ट्रस्टला फिरता दवाखाना सुरू करायचा होता. गाडी एकच. ती तळेघरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांना द्यायची की खालच्या बागायती गावांना, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. मॅडमचं मन कुठं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. वरती एसटी क्वचित, माणूस आजारी पडला तर डोलीत घालून आणायचा. पण मन कुठंही असो, रिपोर्टवर सही करायची तर ती खरी असली पाहिजे, एवढं एकच सोवळं त्या बाईनं जन्मभर पाळलं होतं.

आम्ही वर गेलो तेव्हा भात निघालं होतं. भात निघालं की वरची माणसं कांद्याच्या लागणीला खाली उतरतात. नाचणी पुरत नाही, मग करणार काय. वाड्याच्या वाड्या कुलुपात. टॅबवर 'घर बंद' दाबलं की टॅब आपणहून पुढच्या घरावर जायचा, परत त्या घराकडं येऊच द्यायचा नाही. मॅडमनी अनिरुद्धला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका. रिकाम्या जागा सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. तारीख मात्र पाळा, आपलं दोघांचं नाव आहे यात." मॅडम बराच वेळ फोन हातात धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चला पुढं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला 'कितवी खेप' विचारलं नाही. त्या घाईत फळी वाजवायचंही राहून गेलं.

रिपोर्ट वेळेच्या आधी गेला. देखणा होता, रंगीत नकाशे होते. डोंगरातल्या वाड्यांची तब्येत बरी निघाली. ट्रस्टनं गाडी खालच्या गावांना दिली. सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या वेबसाइटवर आमची यशोगाथा टाकली, वर मॅडमचा तो शालीतला फोटो. मॅडमनी तो फोटो बघितला आणि टॅब उपडा ठेवला. त्यांना काहीतरी खुपत होतं, पण काय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. डोंगर बरा कसा निघाला, एवढंच दोनदा पुटपुटल्या.

ते कळलं ते आमच्या डिंगोऱ्यातच. माझ्या चुलत्याच्या रानात कांद्याची लागण चालली होती. मॅडम कुठल्या तरी कामाला आल्या होत्या, बांधावर थांबल्या आणि सवयीनं बायकांना विचारायला लागल्या, कुठल्या, घरात किती माणसं. त्यातली एक तळेघरच्या पुढच्या वाडीची निघाली. वाडीचं नाव ऐकून मॅडम म्हणाल्या, "आम्ही आलो होतो तुमच्याकडं. घर बंद होतं."

बाई रोप लावता लावता म्हणाली, "बंद कुठलं, बाई? म्हातारी हाय की आत."

"कुलूप होतं."

"कुलूप लावाया लागतं. सासूला दिसत न्हाई, भाईर पडली तर कड्याकडं जाती. शेजारीण खिडकीतनं भाकर देती. आमी काय हौसंनं लावतो व्हय?"

तिच्या बाजूची दुसरी म्हणाली, "आमच्यातबी म्हातारा हाय."

मॅडम त्या चिखलात मटकन बसल्या. पांढरे बूट भरले. मला त्यांना हात देऊन उठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. तळेघरपर्यंत एसटी, पुढं पायी. त्या घराशी गेल्यावर त्यांनी फळी वाजवली. बराच वेळ काही नाही. मग आतून, अगदी खालून, कुणीतरी जमिनीशी बसून थापटल्यासारखा आवाज आला. खिडकीतून म्हातारी दिसली. पाय सुजलेले, बोलण्याआधी धाप. "कोन, डाक्टर का?" तिनं विचारलं. कुणीतरी गाडी येणार म्हणून तिला सांगितलं होतं.

परत आल्यावर मॅडमनी मशीनमध्ये ते घर काढायला लावलं. ते रिकामं नव्हतं. सगळं भरलेलं होतं. वाडीत जी घरं उघडी होती, म्हणजे शाळेतले गुरुजी, दुकानदार, एक वनखात्यातला, त्यांच्यावरून सॉफ्टवेअरनं बंद घरं भरून घेतली होती. त्या म्हातारीच्या जागी एक धडधाकट तरुण बाई होती, तिला कसलाही आजार नव्हता. मॅडम त्या ओळीकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच बघितलं, आधी नाही, नंतर नाही. म्हणाल्या, "मी संख्याशास्त्र शिकवलंय, दत्ताराव. रिकामी जागा सांभाळून घेतो म्हणाला तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं, कशानं."

त्या पुण्याला गेल्या, मी बरोबर होतो. काचेची केबिन, पाण्याच्या बाटल्या. अनिरुद्धनं ऐकून घेतलं, त्याचा चेहराही उतरला. पण त्याच्या शेजारी बसलेले साहेब म्हणाले, "मॅडम, ही पद्धत जगभर वापरतात. थोडी घरं इकडंतिकडं झाली तरी सरासरीवर काही फरक पडत नाही."

"बंद घरं इकडंतिकडं नव्हती. सगळी डोंगरात होती. जे उपाशी होते तेच घर सोडून गेले होते, आणि तुम्ही त्यांच्या जागी पोट भरलेली माणसं बसवली."

"तो पर्याय बंद करता येतो. सेटिंगमध्ये आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही," साहेब म्हणाले. बोलले ते सभ्यपणेच, पण मॅडमना तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं.

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी सांगून बघितलं, मॅडम, झालं ते झालं, पुढच्या कामाला सेटिंग बदलू. शेठसुद्धा वर येऊन बसले. "ताई, आपण नाव कमावलंय, ते आपल्याच हातानं कशाला घालवायचं?" मॅडम म्हणाल्या, "शेठ, ते नाव माझं कुठं आहे आता, त्या फोटोचं आहे." त्यांनी ट्रस्टला कळवलं की आमचा रिपोर्ट चुकीचा आहे, सही मागं घेते. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांनाही कळवलं. ट्रस्टनं उत्तर दिलं की गाडी आता सुरू झाली आहे, पुढच्या वेळी विचार करू. सॉफ्टवेअरवाल्यांनी भागीदारी संपवली आणि टॅब घेऊन गेले. मॅडमचा फोटो वेबसाइटवरून गेला. पुण्यातल्या कंपन्यांनी आमची टिंगल केली असेल, आमच्यापर्यंत ती आली नाही. आमच्यापर्यंत काहीच आलं नाही, काम तर नाहीच. स्वतःच्या रिपोर्टला खोटा म्हणणाऱ्या कंपनीला कोण काम देतो राव.

मॅडमनी त्या सगळ्या बंद घरांची मोजणी नव्यानं केली. बहुतेक एकट्यानं, पायी, तीन-तीन खेपा. कधी मी बरोबर जायचो, कधी गणपत. ती माहिती घेऊन त्या परत ट्रस्टकडं गेल्या, त्यांनी चहा दिला. गाडी डोंगरात गेली नाही. पावसाळ्यात ती म्हातारी गेल्याचं मला तिच्या सुनेनं बांधावर सांगितलं. मी मॅडमना सांगितलं नाही, पण त्यांना कुठून तरी कळलंच. त्या दिवशी त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली. मी म्हणालो, मॅडम, माझ्यावर तुम्ही काही रागावला नव्हता. त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

मग खोल्या रिकाम्या झाल्या. मी दूध संघात चिकटलो, गणपत चाकणला गेला. मॅडम जुन्नरला पुतण्याकडं राहायला गेल्या. वडिलांच्या दुकानात इम्रान, म्हणजे पुतण्या, आता मशीनवर किल्ल्या काढून देतो. गुणी पोरगा आहे. त्यानंच मला मध्ये एकदा बाजारात गाठलं. "काका, फुफीचं, म्हणजे तुमच्या मॅडमचं, जरा बिघडलंय. दुपारची निघते, पेठेत लोकांची दारं वाजवते, घरात किती माणसं विचारते. काल हायवेला गेली होती." मी येतो म्हणालो.

गेलो तेव्हा ऊन कलायचं होतं. दाराला कुलूप. समोरची बाई धुणं वाळत घालत होती, म्हणाली, "कुणी नाय पावणं, पोरगा दुकानात, सून म्हायेरी. बाई गेल्या असतील त्याच्याबरोबर." मी वळलोही होतो. मग सवयीनं कुलपाकडं बघितलं. जुनं, पितळी, वडिलांच्या हातचं असणार. किल्लीचं भोक घासून चकचकीत झालेलं, नुकतंच तेल दिलेलं. उंबरा झाडलेला. रोज लावतात आणि रोज काढतात असं कुलूप.

मी फळी वाजवली.

आतून पावलं आली, सावकाश, कॅनव्हासच्या बुटांची. दाराच्या फटीत पांढरे केस दिसले आणि चष्म्याची एक काच. ती काच माझ्याकडं बघत होती, पण ओळख काही नव्हती.

"कितवी खेप?" त्यांनी विचारलं.

"पहिलीच, मॅडम," मी म्हणालो.

फटीतून दोन बोटं बाहेर आली, त्यांत एक भाजका शेंगदाणा होता. मी तो घेतला.

"अजून दोनदा यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि वेळ बदलून या. दुपारी कुणी घरी नसतं."